सूत्र एक, पाने अनेक

ज्या सॉफ्टवेअरच्या पोटात गणित आहे, त्याची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यावर एक विशेष जबाबदारी येऊन पडते. त्याने एकदा लिहिलेले सूत्र एकाच पानावर राहत नाही. ते पीडीएफमध्ये छापील ग्रंथासारखे उमटते, एचटीएमएलच्या पानावर ब्राउझरच्या कुवतीप्रमाणे आकार घेते, टर्मिनलच्या पडद्यावर नुसत्या अक्षरांची एक ओळ होऊन येते, ई-पुस्तकात जाते, आणि दृष्टिहीन वाचकाला ते यंत्राच्या आवाजात ऐकू येते. या सर्व ठिकाणी सूत्राचा अर्थ तिळमात्र बदलू नये ही वाचकाची अपेक्षा सर्वस्वी वाजवी आहे, परंतु ती आपोआप पुरी होत नाही. ती पुरी व्हावी म्हणून लेखकाने कोणते निर्णय स्वतःच्या हाती ठेवावेत आणि कोणते यंत्रावर सोपवावेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सूत्र सगळीकडे सारखे दिसले पाहिजे असा हट्ट धरून पुष्कळ लेखक कामाला लागतात, आणि त्या हट्टापायी प्रत्येक सूत्राचे चित्र करून पानावर डकवतात. चित्र मोठे केले की धूसर होते, शेजारच्या अक्षरांच्या रेषेत बसत नाही, पारदर्शक पार्श्वभूमीवरील काळी चिन्हे वाचकाने काळा पडदा निवडताच अदृश्य होतात, आणि त्यातील एकही अक्षर शोधता येत नाही की उतरवून घेता येत नाही. रूपाची एकता हे आपले साध्यच नव्हे. ऐंशी स्तंभांच्या टर्मिनलवर अपूर्णांकाची आडवी रेघ काढता येत नसेल तर न येवो. तेथे जे उमटेल त्याचा अर्थ छापील पानावरील सूत्राच्या अर्थाशी काटेकोरपणे जुळला, म्हणजे आपले कर्तव्य पार पडले.

अर्थ टिकवावयाचा तर मूळ मसुद्यात रूपाऐवजी रचना लिहिली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी लेखनपद्धती आपल्यासाठी आधीच सिद्ध झालेली आहे. १९७७ साली डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्यासमोर आली, तेव्हा धातूच्या खिळ्यांच्या जुळणीतील जुने सौष्ठव नव्या यांत्रिक जुळणीत नष्ट झालेले पाहून त्यांनी स्वतःच मुद्रणाची यंत्रणा रचावयास घेतली, तीच टेक्. पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक् उभारले. या पद्धतीत लेखक ‘हा अंश, हा छेद, हा घातांक’ एवढेच सांगतो आणि रेघ कोठे ओढावी, अक्षर किती लहान करावे, हे यंत्रणा ठरवते. आज ब्राउझरमध्ये सूत्रे उमटविणारी मॅथजॅक्स व काटेक् ही दोन्ही साधने हीच भाषा वाचतात. म्हणून मूळ मसुदा लाटेक्च्या भाषेत लिहावा, तो एकाच ठिकाणी असावा, आणि पीडीएफसाठी एक व एचटीएमएलसाठी दुसरा असे त्याचे दोन दस्तऐवज कदापि करू नयेत. कारण दोन प्रती झाल्या की त्यांतील एक दुरुस्त होते आणि दुसरी राहून जाते.

परंतु एकच मसुदा ठेवला म्हणजे भागले असेही नाही. याचा उत्तम दाखला म्हणून ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेच्या साहाय्यपृष्ठांकडे पाहावे. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी आरंभलेल्या या भाषेत साहाय्यपृष्ठांसाठी ‘आरडी’ नावाचा स्वतंत्र नमुना असून, त्या एकाच फाइलीतून पीडीएफ, एचटीएमएल आणि साधा मजकूर अशी तिन्ही रूपे निघतात. ओळीतल्या सूत्रासाठी ‘ईक्यूएन’ आणि स्वतंत्र ओळीवरील सूत्रासाठी ‘डीईक्यूएन’ अशा तेथे दोन आज्ञा आहेत, आणि प्रत्येकीपुढे महिरपी कंसांच्या दोन जोड्या देता येतात : पहिल्या जोडीत लाटेक्मधील सूत्र, दुसरीत तेच सूत्र साध्या अक्षरांत. दुसरी जोडी ऐच्छिक आहे. ती गाळली तर पहिलीतला मजकूर जसाच्या तसा टर्मिनलवर येतो, आणि वाचकापुढे बॅकस्लॅश व कंस यांचे रान उभे राहते. माझ्या मते या नमुन्याचे सर्वांत मोठे शहाणपण या दुसऱ्या कंसात आहे, कारण तो लेखकाला विचारतो की ज्याच्याकडे फक्त अक्षरे आहेत त्याला तुम्ही काय सांगणार.

या दुसऱ्या कंसाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, हे प्रसामान्य वितरणाच्या घनतासूत्रावरून चांगले कळते. छापील पानावर त्याचा आरंभीचा अपूर्णांक निःसंदिग्ध असतो : वर एक, खाली दोन पायचे वर्गमूळ आणि त्याला गुणणारा सिग्मा. हेच एका ओळीत लिहिताना काळजीपूर्वक लेखक १ / (√(२ × पाय) × सिग्मा) असे लिहील. घाईतला लेखक बाहेरचा कंस गाळून १ / √(२ × पाय) × सिग्मा असे लिहितो, आणि छेदातला सिग्मा अंशात जाऊन बसतो. प्रमाण विचलन १ असेल तर दोन्ही वाचनांचे उत्तर सारखेच येते, त्यामुळे चूक उघडकीस येत नाही. पण ते २ असले की मध्यापाशी वक्राची उंची ०.१९९च्या ठिकाणी ०.७९८, म्हणजे चौपट निघते. ज्या विद्यार्थ्याने हे सूत्र टर्मिनलवर वाचून आपल्या कार्यक्रमात उतरवून घेतले, त्याचे उत्तर चुकले तर दोष त्याचा नाही.

म्हणून साध्या अक्षरांतले रूप लिहिताना छेदात एकाहून अधिक पदे असतील तर त्यांना कंस घालावाच. गुणाकाराचे चिन्ह छापील सूत्रात अध्याहृत असले तरी येथे प्रकट लिहावे. घातांकात ऋण संख्या किंवा अपूर्णांक असेल तर संपूर्ण घातांक कंसात घ्यावा. अंश एका ओळीवर, मधे संयोगरेषांची रेघ आणि छेद तिसऱ्या ओळीवर अशी जुळणी करण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी नसलेल्या फाँटात ती ताबडतोब विसकटते. आणि जे सूत्र एका ओळीत मावतच नाही, उदाहरणार्थ सारणी किंवा अटींनुसार बदलणारी व्याख्या, त्याचे सरळ वाक्य करावे : चल शून्याहून लहान असता किंमत शून्य, एरवी चलाइतकीच. असे वाक्य ओबडधोबड वाटले तरी त्याचा गैरअर्थ होत नाही.

‘आर’च्या बाबतीत आणखी दोन तपशील ध्यानात ठेवावेत. एप्रिल २०२२ मध्ये निघालेल्या ४.२.० या आवृत्तीपासून त्याची एचटीएमएल साहाय्यपृष्ठे काटेक्च्या द्वारे पहिल्या कंसातील लाटेक् उमटवू लागली; तोपर्यंत ब्राउझरमधील वाचकालाही अक्षरांतल्या रूपावरच संतुष्ट राहावे लागत असे. सबब जुन्या पॅकेजांतील जी सूत्रे केवळ पीडीएफसाठी म्हणून लिहिली गेली होती, ती आता काटेक्ला पेलतात की नाही हे एकदा तपासून घ्यावे, कारण काटेक्ला लाटेक्मधील सर्वच आज्ञा अवगत नाहीत. दुसरे असे की आरडी फाइलीत टक्केचिन्ह आले की तेथून ओळीच्या अखेरपर्यंतचा मजकूर शेरा समजून वगळला जातो, आणि हा नियम सूत्रालाही लागू आहे. टक्केचिन्हापूर्वी बॅकस्लॅश नसेल तर अर्धे सूत्र आणि कंस बंद करणारी खूण दोन्ही लुप्त होतात.

पायथनचे दस्तऐवज बहुधा स्फिंक्स या साधनाने तयार होतात आणि तेथे दुसऱ्या कंसाची सोय नाही. एचटीएमएलमध्ये मॅथजॅक्स व पीडीएफमध्ये लाटेक् सूत्र नीट उमटवितात, पण साध्या मजकुराच्या वाटेने लाटेक्ची संहिताच बाहेर पडते. तेव्हा ती संहिताच वाचनीय ठेवणे हा एक उपाय : शोभेची मोकळी जागा, कंसांचे आकार वाढविणाऱ्या आज्ञा आणि रंग यांना फाटा द्यावा, आणि सूत्रापाठोपाठ त्याचा आशय सांगणारे एक गद्य वाक्य लिहावे.

पायथनमध्ये मात्र याहून मोठा एक धोका दबा धरून बसलेला असतो, आणि त्याचे स्वरूप नवख्या लेखकाला सहजी उमगत नाही. तेथे फलनाचे वर्णन ‘डॉकस्ट्रिंग’ म्हणून कार्यक्रमातच लिहिले जाते, आणि कार्यक्रमातील अवतरणात बॅकस्लॅशला स्वतःचा अर्थ आहे. बॅकस्लॅशपुढे ‘टी’ आले की टॅब, ‘एन’ आले की नवी ओळ, ‘बी’ आले की मागे सरकण्याची खूण, ‘एफ’ आले की पृष्ठबदल आणि ‘ए’ आले की घंटा. आता लाटेक्मधील थीटा, टाऊ व गुणाकाराची आज्ञा ‘टी’ने सुरू होते, न्यू व नाब्ला ‘एन’ने, बीटा ‘बी’ने, अपूर्णांकाची आज्ञा ‘एफ’ने आणि अल्फा ‘ए’ने; त्यामुळे ही सारी चिन्हे मजकूर बाहेर पडण्यापूर्वीच छिन्न होतात, आणि गामा, लॅम्डा, सिग्मा यांच्या आरंभीच्या अक्षरांना तसा कोणताही विशेष अर्थ नसल्यामुळे ती मात्र शाबूत राहतात. एकाच पानावर सिग्मा ठीक आणि बीटा विद्रूप दिसला की लेखक फाँटवर संशय घेतो, मॅथजॅक्सची आवृत्ती बदलून पाहतो, आणि मूळ कारण दूरच राहते. क्सायची आज्ञा तर कार्यक्रमच चालू देत नाही, आणि एका परीने ते बरे, कारण ती चूक तत्क्षणी कळते. उपाय सोपा आहे : सूत्र असलेल्या प्रत्येक डॉकस्ट्रिंगच्या आरंभीच्या अवतरणचिन्हापूर्वी ‘आर’ हे अक्षर लिहावे, म्हणजे पायथन बॅकस्लॅशला हात लावत नाही. आज सूत्रात बीटा नसला तरी उद्या कोणी दुसरा तो घालील, या विचाराने ही सवय सरसकट पाळावी.

मार्कडाउनमध्ये असाच झगडा वेगळ्या चिन्हांशी होतो. तेथे खालची रेघ तिरप्या अक्षरांची खूण आहे आणि लाटेक्मध्ये पादांकाची. लागोपाठचे दोन बॅकस्लॅश तेथे एकच होऊन उरतात, त्यामुळे सारणीच्या ओळी एकमेकींत मिसळतात. आणि ‘पेक्षा लहान’ या चिन्हाला अक्षर चिकटले तर एचटीएमएल त्याला खुणेचा आरंभ समजते. गिटहबने मे २०२२ मध्ये सूत्रांना आधार दिला, तरी तोच मजकूर दुसऱ्या यंत्रणेत नेला की डॉलरचिन्हे तशीच राहतात असा अनुभव येतो. निवडलेली यंत्रणा मार्कडाउनचे अर्थ लावण्यापूर्वी सूत्र बाजूला काढते की नाही, याची खातरजमा पहिल्याच दिवशी करावी. ‘पेक्षा लहान’च्या दोन्ही बाजूंना जागा सोडणे तर केव्हाही हिताचे.

आता चिन्हांकडे वळू. युनिकोडमध्ये गणिताला लागणारी बहुतेक चिन्हे आहेत, आणि ≤, ≠, ∞ यांसारखी चिन्हे साध्या मजकुरात थेट लिहिण्यास काहीच प्रत्यवाय नाही. अडचण आहे ती दिसण्यात सारखी पण ओळखीने निराळी असलेल्या चिन्हांची. कळफलकावरील संयोगरेषेचा क्रमांक ४५, खऱ्या ऋणचिन्हाचा ८७२२. बेरजेच्या चिन्हाचा ८७२१, तर मोठ्या ग्रीक सिग्माचा ९३१. मायक्रो या परिमाणचिन्हाचा १८१ आणि ग्रीक म्यूचा ९५६. वाचकाच्या डोळ्यांना हे भेद दिसत नाहीत, पण शोधयंत्राला दिसतात : एका पानावर १८१ आणि दुसऱ्यावर ९५६ असेल तर एकीकडून उचललेले अक्षर दुसरीकडे सापडत नाही. म्हणून प्रत्येक चिन्हासाठी एकच क्रमांक मुक्रर करून त्याची नोंद ठेवावी. ऋणचिन्हाबाबत नियम असा असावा की सूत्रात ते यंत्रणेला घालू द्यावे, आणि कार्यक्रमाच्या उदाहरणात मात्र नेहमी कळफलकावरील संयोगरेषाच असावी. छपाईच्या शोभेसाठी तेथे ८७२२ घातला, तर उदाहरण उतरवून चालविणाऱ्या वाचकाला पायथन ते अक्षर अमान्य असल्याचे कळवितो.

फाय या अक्षराची हकीकत यात जमेस धरली पाहिजे. त्याची दोन वळणे आहेत, एक उभ्या दांड्याचे व दुसरे सलग फिरलेले, आणि युनिकोडच्या ३.० या आवृत्तीत ९६६ व ९८१ या क्रमांकांच्या नमुनाचित्रांची अदलाबदल झाली. त्या आधीच्या समजुतीने बनलेला एखादा फाँट वाचकाच्या यंत्रावर असू शकतो. तेव्हा एकाच पुस्तिकेत दोन्ही वळणे दोन निरनिराळ्या राशींसाठी वापरू नयेत. एप्सिलॉनच्या दोन वळणांनाही हाच नियम लावावा. तसेच युनिकोडमध्ये तिरपी व जाड गणिती अक्षरे स्वतंत्रपणे दिलेली आहेत म्हणून ती साध्या मजकुरात पेरू नयेत. त्या अक्षरांना कित्येक फाँटांत चित्रच नसते, आणि मग त्यांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात.

फाइली यूटीएफ-८मध्ये ठेवाव्यात आणि तसे फाइलीत व पानावर स्पष्ट घोषित करावे, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. घोषणा राहून गेली की ≤च्या जागी तीन असंबद्ध अक्षरे येतात, यावरून हा दोष ओळखावा. पीडीएफ करताना मसुद्यात थेट युनिकोड चिन्हे असतील तर जुने पीडीएफलाटेक् अनोळखी चिन्हाशी अडते. झीलाटेक् किंवा लुआलाटेक् वापरल्यास ती अडचण बव्हंशी दूर होते, मात्र निवडलेल्या फाँटात ते चिन्ह असले पाहिजे.

स्वतः तयार केलेल्या संक्षिप्त आज्ञांविषयी माझे मत काहीसे कडक आहे. सदिशासाठी एक, अपेक्षित किंमतीसाठी दुसरी, अशा आज्ञा लेखक लाटेक्च्या प्रस्तावनेत लिहितो, पीडीएफ सुरेख निघते, आणि एचटीएमएलमध्ये त्याच आज्ञा लाल अक्षरांत जशाच्या तशा दिसतात, कारण मॅथजॅक्सला त्या कोणी सांगितलेल्याच नसतात. अशा आज्ञा शक्य तितक्या थोड्या असाव्यात, त्यांची एकच यादी असावी, आणि दोन्हीकडची जुळवणी त्या यादीतूनच निर्माण व्हावी.

सूत्र उमटविणारे साधन कोठून येते याकडेही लक्ष असावे. ३० एप्रिल २०१७ रोजी मॅथजॅक्सने स्वतःचा सार्वजनिक वितरण-सर्व्हर बंद केला. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या मागण्या दुसरीकडे वळविण्याची तजवीज त्यांनी केली होती खरी, पण आपल्या पुस्तिकेचे सूत्र दुसऱ्याच्या दारावर अवलंबून आहे हे त्या निमित्ताने अनेकांस प्रथम उमगले. प्रकाशित आवृत्तीबरोबर साधनाची प्रत जोडावी आणि तिचा आवृत्तिक्रमांक कायम करावा. म्हणजे आंतरजाल नसलेल्या प्रयोगशाळेतही पान पुरते वाचता येईल. १९९८ साली प्रथम संमत झालेले मॅथएमएल हे ब्राउझरला थेट कळणारे रूप आहे. क्रोमने २०१३ साली काढून टाकलेला त्याचा आधार जानेवारी २०२३ मधील १०९व्या आवृत्तीत परत आला, आणि ई-पुस्तकांच्या ईपब ३ या नमुन्यातही त्याला स्थान आहे. तथापि ते हाताने लिहू नये. लाटेक्च्या मसुद्यातून यंत्राकडून करवून घ्यावे.

ऐकणाऱ्या वाचकासाठी काय करावे, हे पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांच्या कार्यावरून शिकण्यासारखे आहे. किशोरवयात दृष्टी गमावलेल्या रामन यांनी पुणे विद्यापीठात गणिताचे आणि मुंबईच्या आयआयटीत पुढचे शिक्षण घेतले, आणि १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी ‘ॲस्टर’ ही यंत्रणा सिद्ध केली. ती लाटेक्मधील ग्रंथ वाचून दाखवी, आणि घातांक किंवा पादांक आला की आवाजाची पट्टी बदलून श्रोत्याला त्याची जाणीव करून देई. हे साधले, याचे कारण मूळ संहितेत घातांक हा घातांक म्हणून लिहिलेला होता. जो लेखक घातांकाचा आभास निर्माण करण्यासाठी अक्षर नुसते लहान करून वर उचलतो, त्याचे सूत्र डोळ्यांना चालते आणि कानाला निरर्थक होते. एखाद्या सूत्राचे चित्र देणे अपरिहार्यच झाले, तर पर्यायी मजकुरात ते सूत्र शब्दांत लिहावे. ‘समीकरण’ एवढाच शब्द तेथे टाकणे म्हणजे काहीच न सांगणे होय.

मराठीतून पुस्तिका लिहिणारांनी एक खबरदारी अधिक घ्यावी. सूत्राच्या आत ‘जर’, ‘एरवी’, ‘कमाल’ असे शब्द येतात, आणि गणिती फाँटांत देवनागरी अक्षरे नसल्यामुळे पीडीएफमध्ये ते शब्द नाहीसे होण्याचा संभव असतो. असे शब्द लाटेक्च्या मजकुराच्या आज्ञेत घालावेत आणि त्या आज्ञेला देवनागरी फाँट नेमून द्यावा. ब्राउझरमध्ये ते पानाच्या फाँटातून येतात, तेव्हा त्यांचा आकार सूत्राशी जुळतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे. पादांकात जोडाक्षरे घालू नयेत. तितक्या लहान आकारात ती वाचवत नाहीत.

सरतेशेवटी तपासणी. पुस्तिकेत येणारे प्रत्येक चिन्ह आणि सूत्राचा प्रत्येक प्रकार ज्यात निदान एकदा आला आहे असे एक नमुनापान करावे, आणि साधनाची आवृत्ती बदलली, फाँट बदलला, किंवा नवे चिन्ह आले की ते पान पीडीएफ, एचटीएमएल व साधा मजकूर या तिन्ही रूपांत काढून शेजारी शेजारी ठेवून वाचावे. यंत्राने ‘चूक नाही’ म्हटले एवढ्यावर विसंबू नये. कंस गळालेला अपूर्णांक यंत्राच्या दृष्टीने निर्दोषच असतो. साध्या मजकुरातले रूप विषय जाणणाऱ्या, पण पुस्तिका न पाहिलेल्या सहकाऱ्याकडे द्यावे आणि त्याच्याकडून ते छापील पद्धतीने कागदावर लिहून घ्यावे. त्याने लिहिलेले सूत्र मूळ सूत्राशी जुळले नाही, तर मसुदा पुन्हा दुरुस्तीला घ्यावा, आणि जेथे तो अडखळला तेथे एक कंस किंवा एक शब्द वाढवावा.